शेवटच्या लढाईत लढाई आहेच कुठे?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पश्चिम आशियात कुठे क्षेपणास्त्र पडलं की दोन दिवसात मोबाईलवर बायबलची वचनं फिरायला लागतात. यहेज्केल 38 (जुन्या करारातला, इस्राएलवर चालून येणाऱ्या शत्रूबद्दलचा अध्याय) म्हणजे हेच, हर्मगिदोन (शेवटच्या लढाईची जागा) आता दारात आलं, श्वापद (शेवटच्या काळातला देवाचा शत्रू) कोण ते कळलं, असं सगळं सुरू होतं, मग यूट्यूबवर नकाशे आणि बाण घेऊन व्हिडिओ येतात आणि शेवटी पेपरात पण कुठेतरी "बायबलमध्ये या युद्धाचं भाकीत होतं का" अशी चौकट छापून येते. मी ख्रिस्ती आहे, येशू परत येणार आणि शेवटी देवाचाच विजय होणार यावर माझा विश्वास आहे, सांगण्यापुरता नाही, खरोखरचा आहे, आणि म्हणूनच हे सगळं बघून मला हसू येत नाही, राग येतो. कारण ज्यांचा विश्वास नाही ते चेष्टा करून मोकळे होतात आणि ज्यांचा आहे ते युद्धाची बातमी क्रिकेटच्या स्कोरसारखी बघायला लागतात. आज किती मेले, म्हणजे शेवट किती जवळ आला. मेलेल्यांचं काय ते कोणी बोलत नाही.

माझा मुद्दा एकच आहे. ज्या शेवटच्या लढाईबद्दल एवढं बोललं जातं ती लढाई बायबलच्या शेवटच्या, प्रकटीकरणाच्या पुस्तकात कोणी शोधून बघितलीय का? मी म्हणतो शोधा. सापडणार नाही.

हर्मगिदोन हे नाव आख्ख्या बायबलमध्ये एकदाच येतं, प्रकटीकरण 16:16. तिथे एवढंच आहे की राजांना त्या ठिकाणी एकत्र जमवलं. बास. पुढच्या वचनात देवाच्या क्रोधाची सातवी वाटी ओतली जाते आणि विषय भूकंप, गारा, बाबेल नावाची दुष्ट नगरी असा पुढे जातो. मग तीन अध्यायांनी, म्हणजे 19 व्या अध्यायात, पांढऱ्या घोड्यावरचा स्वार, म्हणजे येशू, येतो आणि आपण म्हणतो चला आता होणार. 19 व्या वचनात श्वापद, पृथ्वीचे राजे आणि त्यांची सैन्यं लढायला जमतात. 20 व्या वचनात श्वापद धरलं जातं. मधे काही नाही. एक वार नाही, कोण पुढे सरकलं कोण मागे हटलं काही नाही, किती दिवस चाललं तेही नाही. स्वर्गातलं सैन्य मागे येतंय ते पांढरे स्वच्छ तागाचे कपडे घालून, आणि त्यांच्या हातात शस्त्र आहे असं कुठेही लिहिलेलं नाही. तलवार एकच आहे आणि ती स्वाराच्या तोंडातून निघते, म्हणजे त्याचा शब्द. पुढे 20 व्या अध्यायात गोग आणि मागोग या नावांचे शत्रू समुद्राच्या वाळूइतके लोक घेऊन येतात, पवित्रांच्या छावणीला वेढा घालतात, वाचणारा श्वास रोखून बसतो आणि त्याच वचनात आकाशातून अग्नी उतरतो आणि खेळ खलास. एवढा मोठा वेढा आणि एका वाक्यात संपला, आतल्या लोकांनी एक दगड पण फेकला नाही.

आता कोणी म्हणेल हा योगायोग असेल, लिहिणाऱ्याला घाई असेल. घाई कसली, बाबेलच्या पडण्यावर त्याने आख्खा 18 वा अध्याय खर्च केलाय आणि नव्या नगरीच्या भिंतीचं माप, पायातली रत्नं, वेशी हे सगळं निवांत सांगितलंय. जे त्याला सांगायचं होतं ते त्याने सावकाश सांगितलं. लढाई सांगायचीच नव्हती.

आणि हे प्रकटीकरण लिहिणाऱ्या योहानाच्या डोक्यातून नव्याने आलेलं नाही. जुन्या करारातल्या दानीएलाच्या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायात राजाच्या स्वप्नातला तो प्रचंड पुतळा, सोन्याचं डोकं, चांदीची छाती, पाय लोखंडाचे आणि पावलं लोखंड-मातीची, तो कोणी फोडला? एका दगडाने, आणि तो दगड कोणाच्याही हाताने न लावता सुटलेला असतो हे मुद्दाम लिहिलंय. आठव्या अध्यायातला उद्धट राजासुद्धा कोणाचा हात न लागता मोडेल असंच आहे. ज्या यहेज्केल 38 चे बाण काढून नकाशे बनवतात त्यात इस्राएलचं सैन्य लढतच नाही, भूकंप होतो, गारा पडतात, आग आणि गंधक पडतं, शत्रूचे लोक एकमेकांवरच तलवार उपसतात. इस्राएलच्या लोकांना काम काय उरतं तर 39 व्या अध्यायात पडलेली शस्त्रं सात वर्षं सरपण म्हणून जाळायची आणि सात महिने प्रेतं पुरायची. थेस्सलनीकाकरांच्या दुसऱ्या पत्रात प्रेषित पौल शेवटी येणाऱ्या त्या अनीतिमान पुरुषाबद्दल लिहितो की प्रभू त्याला आपल्या मुखातल्या श्वासाने मारेल. फुंकर. एवढंच. आणि या सगळ्याच्या मुळाशी तांबड्या समुद्राची गोष्ट आहे, गुलामीतून सुटलेल्या इस्राएली लोकांच्या मागे फारोचे, म्हणजे मिसरच्या (इजिप्तच्या) राजाचे रथ, पुढे पाणी आणि त्यांचा पुढारी मोशे सांगतोय की परमेश्वर तुमच्यासाठी लढेल, तुम्ही शांत राहा. प्रकटीकरणातली संकटं बघा, रक्त झालेलं पाणी, बेडूक, फोड, गारा, टोळ, अंधार, हे मिसरावर आलेल्या पीडांचंच परत सांगणं आहे, आणि 15 व्या अध्यायात जिंकलेले लोक समुद्राच्या काठी उभे राहून गीत गातात ते मोशेचं आणि कोकऱ्याचं, म्हणजे येशूचं, गीत. म्हणजे वाचणाऱ्याला कळावं म्हणून त्याने नावच घेतलंय.

तेव्हा जो कोणी सांगतो की देवाचा शेवटचा विजय अमुक देशाच्या रणगाड्यांनी आणि तमुक देशाच्या विमानांनी होणार आहे, त्याने हे पुस्तक वाचलं नाही एवढंच मी म्हणेन. देवाला एअर फोर्स लागत नाही.

बरं, मी हे पुस्तक गोड करून सांगतोय असा आरोप नको. त्यात रक्त आहे, भरपूर आहे. 14 व्या अध्यायातल्या द्राक्षकुंडातून घोड्यांच्या लगामापर्यंत रक्त वाहतं, तेही जवळपास 300 किलोमीटर, आणि 19 व्या अध्यायाच्या शेवटी पक्षी येऊन मांस खातात, अग्नीचं सरोवर आहे. हे वाचताना मलाही जड जातं आणि ज्याला जात नाही त्याची मला भीती वाटते. पण सहाव्या अध्यायात वेदीखाली जे मारले गेलेले लोक ओरडतात की हे स्वामी, किती काळ, तू न्याय कधी करणार, त्यांची बाजू कोण घेणार? ज्यांच्यावर अन्याय झाला नाही त्यांना न्यायाचा दिवस क्रूर वाटतो, ज्यांच्यावर झाला त्यांना तो उशिरा वाटतो. एक गोष्ट मात्र बघायची, त्या लोकांना उत्तर काय मिळतं? पांढरा झगा मिळतो आणि आणखी थोडा वेळ विसावा घ्या असं सांगितलं जातं. तलवार मिळत नाही.

आता तारखांचं. येशूने मत्तय 24 मध्ये सरळ सांगितलंय, लढाया आणि लढायांच्या अफवा ऐकाल, घाबरू नका, एवढ्यात शेवट नाही. म्हणजे ज्या बातमीवरून लोक शेवट आला म्हणतात नेमकी तीच बातमी घेऊन तो म्हणतो की हा शेवट नव्हे. त्या दिवसाची आणि घटकेची माहिती पुत्रालाही नाही, फक्त पित्याला, हे मत्तय आणि मार्क दोघांनी लिहिलंय. स्वर्गात जायच्या आधी शिष्यांनी परत तेच विचारलं, तेव्हा तो म्हणाला काळ आणि समय जाणणं तुमच्याकडे नाही. यापेक्षा स्पष्ट काय बोलायचं असतं? तरी दोन हजार वर्षं लोक गणितं मांडतायत.

यहेज्केल 38 मधल्या गोगचंच घ्या. चौथ्या शतकात मिलानचा बिशप अँब्रोस म्हणाला गोग म्हणजे गॉथ लोक, कारण तेव्हा रोमला भीती त्यांची होती. 1529 ला तुर्कांनी व्हिएन्नाला वेढा घातला तेव्हा मार्टिन लूथरला गोग तुर्कांत दिसला. शीतयुद्धात तो सोविएत रशिया झाला, चार्ट छापले, प्रवचनं झाली आणि 1991 ला सोविएत युनियनच मोडलं. मग चार्टमधली नावं बदलली, बाण तेच राहिले. ज्या काळात ज्याची भीती तो गोग, इतकं ते सोपं आहे.

श्वापदाचा आकडा म्हणून दिलेल्या 666 चं पण तसंच. इरेनियस नावाचा बिशप दुसऱ्या शतकाच्या शेवटी लिहून गेलाय की काही प्रतींमध्ये हा आकडा 616 असा पडलाय, आणि त्याने स्वतः दोन-तीन नावं जुळवून दाखवली आणि मग म्हणाला की खात्रीने नाव सांगत बसण्यापेक्षा भाकीत पूर्ण व्हायची वाट बघणं जास्त सुरक्षित. अठराशे वर्षांपूर्वीचा माणूस, योहानाच्या त्याच मुलखातला, त्याला एवढं कळत होतं. आज बरेच अभ्यासक मानतात की हिब्रू अक्षरांत नीरो कैसर (रोमी सम्राटाचं नाव) लिहिलं की बेरीज 666 येते आणि नावाचा शेवटचा न काढला की 616, म्हणजे दोन्ही आकड्यांचा उलगडा होतो. हे पटो न पटो, पण बारकोड, लस, चिप, जो कोणी निवडून येईल तो नेता, या सगळ्यांवर 666 चिकटवून झालंय आणि एकालाही कधी "चुकलो" म्हणताना मी ऐकलं नाही. ख्रिस्तविरोधक हा शब्द तर प्रकटीकरणात नाहीच, तो योहानाच्या पत्रांत आहे आणि तिथे लिहिलंय की पुष्कळ ख्रिस्तविरोधक आताच निघालेत. आताच म्हणजे पहिल्या शतकात.

तारीख सांगणाऱ्यांमुळे काय होतं ते पण लोकांना माहीत पाहिजे. जर्मनीतल्या म्युन्स्टर शहरात 1534 ला काही जणांनी ठरवलं की नवं यरुशलेम इथेच उतरणार. यान मॅथिस म्हणून त्यांचा पुढारी होता, त्याने ईस्टरला जगाचा न्याय होणार असं सांगितलं आणि त्याच ईस्टरला मूठभर लोक घेऊन वेढा घातलेल्या सैन्यावर चालून गेला आणि मारला गेला. त्याच्यानंतर आलेला यान व्हॅन लायडन स्वतःला राजा म्हणवू लागला, बायका केल्या, विरोध करणाऱ्यांची मुंडकी उडवली, शहर उपाशी मेलं. 1535 च्या जूनमध्ये शहर पडलं, पुढच्या वर्षी जानेवारीत पुढाऱ्यांना हाल करून मारलं आणि प्रेतं लोखंडी पिंजऱ्यात घालून चर्चच्या मनोऱ्याला टांगली. ते पिंजरे अजून तिथे आहेत. देवाची लढाई आपण लढतो म्हणणाऱ्यांचं हे झालं.

अमेरिकेत विल्यम मिलर नावाचा शेतकरी होता, प्रामाणिक माणूस, दानीएल 8:14 मधल्या 2300 दिवसांची त्याने वर्षं केली, इ.स.पू. 457 पासून मोजली आणि 1843-44 वर आला. मग त्याच्या चळवळीने 22 ऑक्टोबर 1844 ही तारीख धरली. हजारो लोक वाट बघत बसले, काहींनी शेतातलं पीक काढलंच नाही कारण हिवाळा येणारच नव्हता. 23 तारखेची सकाळ नेहमीसारखी उजाडली. त्या दिवसाला इतिहासात मोठी निराशा असंच नाव पडलंय. 1988 ला नासात काम केलेल्या एका इंजिनिअरने 88 कारणं देऊन परत तारीख काढली, गेली. हॅरोल्ड कॅम्पिंगने रेडिओवरून 21 मे 2011 सांगितली, देशोदेशी होर्डिंग लागले, लोकांनी साठवलेले पैसे त्यात घातले, नोकऱ्या सोडल्या, मग त्याने 21 ऑक्टोबर केली, ती पण गेली. त्याचं मात्र एक मानायला पाहिजे, 2012 ला त्याने जाहीर लिहिलं की तारीख सांगणं हे पाप होतं. पण ज्यांचे पैसे गेले त्यांचे गेलेच. अनुवाद 18:22 मध्ये साधी कसोटी दिलीय, संदेष्टा परमेश्वराच्या नावाने बोलला आणि तसं घडलं नाही तर ते परमेश्वराचं बोलणं नव्हे, त्याला भिऊ नका. ही कसोटी आपण का लावत नाही? दरवेळी नवा व्हिडिओ आला की मागचं सगळं माफ, असं कसं चालेल.

प्रकटीकरण 20 मधल्या ख्रिस्ताच्या हजार वर्षांच्या राज्याबद्दल मी जास्त लिहीत नाही. कोणी म्हणतं येशू त्याच्या आधी येणार, कोणी म्हणतं नंतर, आणि पाचव्या शतकातल्या बिशप ऑगस्टीनपासून पुष्कळांनी ती हजार वर्षं म्हणजे मंडळीचा (चर्चचा) सध्याचाच काळ असं मानलंय. शतकानुशतकं मोठमोठे विद्वान यात एकमेकांशी सहमत झालेले नाहीत, ते दहा मिनिटांच्या व्हिडिओत सुटणार नाही. निकेयाच्या विश्वासांगीकारात, म्हणजे बहुतेक चर्च मानतात त्या जुन्या कबुलीत, एवढंच आहे की तो जिवंतांचा आणि मेलेल्यांचा न्याय करायला गौरवाने परत येईल आणि त्याच्या राज्याचा अंत होणार नाही. मला तेवढं पुरतं.

खरं तर हे पुस्तक कोणासाठी लिहिलं ते विसरल्यामुळे सगळा गोंधळ आहे. योहान पात्म बेटावर होता आणि इफिस, स्मुर्णा, पर्गमपासून लावदिकीयापर्यंतच्या सात मंडळ्यांना लिहीत होता, बहुतेक अभ्यासक तो काळ सम्राट डोमिशियनच्या शेवटच्या वर्षांचा, साधारण इ.स. 95 चा धरतात. सम्राटाला देव म्हणा आणि सुखाने धंदा करा असा तो मामला होता. पर्गममध्ये अंतिपा नावाचा माणूस मारला गेलेला. त्या मूठभर माणसांसमोर रोम होतं आणि 13 व्या अध्यायात आख्खं जग विचारतं की श्वापदाशी कोण लढू शकेल? प्रश्न खराच होता, कोणीही नाही. आणि योहान त्यांना लढा म्हणतच नाही. तो म्हणतो टिकून राहा, धीर आणि विश्वास इथेच दिसतो. 12:11 मध्ये जिंकायची पद्धत पण दिलीय, कोकऱ्याच्या रक्ताने आणि आपल्या साक्षीच्या वचनाने जिंकले, आणि मरायची वेळ आली तरी जिवावर प्रेम केलं नाही. पाचव्या अध्यायात सिंहासनाभोवतीच्या वडीलधाऱ्यांपैकी एक जण सांगतो की यहूदा वंशाचा सिंह जिंकलाय, योहान बघतो तर काय, वधलेल्यासारखं दिसणारं कोकरू उभं आहे. सिंह नंतर परत येतच नाही. आख्ख्या पुस्तकभर कोकराच आहे. विजय तर क्रूसावरच झालाय, 19 व्या अध्यायात नुसती जप्ती आहे.

आणि बाबेल पडते तेव्हा रडतं कोण ते बघा. व्यापारी. त्यांच्या मालाची आख्खी यादी दिलीय, सोनं, चांदी, मोती, जांभळं कापड, हस्तिदंत, दालचिनी, द्राक्षारस, गहू, मेंढरं, घोडे, रथ आणि सगळ्यात शेवटी माणसं, माणसांचे जीव. गुलाम. माल म्हणून. मला वाटतं अंतकाळावर बोलणाऱ्यांनी एक प्रवचन या यादीवर द्यावं, पण त्यात नकाशा नाही ना, म्हणून कोणी देत नाही.

शेवट पण लोक उलटा सांगतात, की आपण सगळे वर उडून जाणार आणि खाली पृथ्वीची राख. 21 व्या अध्यायात उलट नगरी खाली उतरते, देव माणसांमध्ये राहायला येतो, डोळ्यातले अश्रू पुसतो. त्या नगरीच्या वेशी दिवसा कधी बंद होत नाहीत आणि तिथे रात्रच नाही, म्हणजे कधीच नाहीत. आणि 24 व्या वचनात जे लिहिलंय त्यावर मी कितीदा थांबलोय, पृथ्वीचे राजे आपलं वैभव घेऊन आत येतात. पृथ्वीचे राजे! दोन अध्याय आधी श्वापदाच्या बाजूने जमले होते ते हेच. हेच की यांच्यासारखे दुसरे, यावर अभ्यासकांचे वाद आहेत आणि मारले गेलेले परत कसे आले हा प्रश्न बरोबरच आहे. पण योहानाने शब्द तोच ठेवलाय, आणि पुढच्याच अध्यायात जीवनाच्या झाडाची पानं राष्ट्रांच्या आरोग्यासाठी आहेत असं म्हटलंय. शत्रू राष्ट्रं बरी होतील असा शेवट ज्या पुस्तकाचा आहे त्याच्या नावाने आपण बॉम्ब पडल्यावर हाललेलूया म्हणणार का?

माझं वाचन कोणाला चुकीचं वाटत असेल तर त्यांनी याच सदरात जरूर लिहावं, अध्याय आणि वचन देऊन लिहावं, मी वाचेन. फक्त तारीख घालू नये.

आपला,
एक ख्रिस्ती वाचक